माशाच्या पाण्यावर माशी खाणारं झाड

गेल्या गणपतीला भाचा आमच्याकडे मुलुंडला आला होता. आरती झाली, मोदक झाले, आणि हा गडी बाल्कनीत जाऊन माझ्या टाकीपाशी बसला. शंभर लिटरची निळी टाकी, आत गप्पी आणि मोली, वर खडीने भरलेला क्रेट आणि त्यात अळू, पुदिना. छोटा पंप खालचं पाणी वर चढवतो, ते खडीतून झिरपून परत खाली येतं. यालाच ॲक्वापोनिक्स म्हणतात. बराच वेळ टक लावून बघितल्यावर त्याने विचारलं, "मावशी, ते माशी खाणारं झाड असतं ना, ते तुझ्या या माशांच्या पाण्यावर जगेल का गं?"

मी म्हटलं, "न जगायला काय झालं? अळू बघ कसं माजलंय!"

पंधरा दिवसांनी एका नर्सरीतून व्हीनस फ्लायट्रॅप आणलं आणि पुदिन्याच्या शेजारी खडीत खोचलं. पहिला आठवडा त्याने जबडे छान उघडले. तिसऱ्या आठवड्यात टोकं काळी पडायला लागली. दिवाळीत उपटून पाहिलं तर मुळं कुजून शाईसारखी झाली होती. भाच्याला फोटो पाठवायचं मी टाळलं.

नर्सरीवाल्याचा यात काही दोष नव्हता. मीच दोन अशा गोष्टी एकत्र बांधल्या होत्या की ज्यांचा संसार होणं शक्य नाही. पण वेगळी बिऱ्हाडं करून दिली तर त्यांचं छान जमतं, हे मला पुढे कळलं.

आधी माशांची बाजू. मासा खातो आणि त्याच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. अमोनिया माशाला विष. खडीच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणू वस्ती करतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बऱ्यापैकी सोसतं आणि झाडाला तर तेच हवं असतं. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. या दिवसांत घाई करून मासे वाढवले की ते मरतात, आणि नव्या माणसाचा उत्साह साधारण इथेच संपतो. एकदा घडी बसली की मात्र माशाला घातलेलं खाणं हेच झाडाचं खत. वेगळं काही घालायला लागत नाही, फार तर अधूनमधून थोडं लोह.

आता दुसरी बाजू. सप्टेंबरात कास पठारावर गर्दी होते ती फुलांच्या गालिच्यासाठी, पण तिथे गुडघ्यावर बसून बघणाऱ्याला दुसरंच काहीतरी दिसतं. गवतात लालसर केसांची इवलीशी झाडं, प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. ही ड्रॉसेरा, आपल्याकडे दवबिंदू म्हणतात ती. थेंबाला दव समजून बसलेला कीटक तिथेच अडकतो. आणि ती जांभळी 'सीतेची आसवं' फुललेली असतात ना, ती युट्रिक्युलारिया. फुलाकडे बघून कोणी म्हणणार नाही, पण तिच्या ओल्या मातीतल्या भागाला बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी सूक्ष्म जीव आला आणि त्याने केसाला धक्का दिला की दार उघडतं, जीव पाण्यासकट आत ओढला जातो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं.

ही झाडं तिथेच का? कारण सडा. खाली जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, आणि चार महिने धो धो पाऊस. मातीत जे काही सत्त्व असेल ते वाहून जातं. ऊन भरपूर, पाणी भरपूर, खत मात्र जवळजवळ नाही. अशा ठिकाणी साधं झाड खंगतं. या झाडांनी खत हवेतून पकडायची सोय केली. एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा: माशी हे या झाडांचं जेवण नाही. साखर ती इतर झाडांसारखी उन्हातच बनवतात. माशीतून त्यांना हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस. म्हणजे माशी हे त्यांचं खत आहे, आणि ते मुळांऐवजी पानांनी घेतलं जातं. अनेकांची मुळं नावापुरती असतात, झाडाला धरून ठेवायला आणि पाणी प्यायला.

माझ्या टाकीत मी नेमकं काय केलं होतं, हे एका हिशोबाने लक्षात येईल. गप्पी-मोलीला मी दिवसाला साधारण एक ग्रॅम खाणं घालते, महिन्याला तीस ग्रॅम. त्यात सुमारे ३२ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे साडेनऊ ग्रॅम. प्रथिनांत सोळा टक्के नायट्रोजन धरला तर दीड ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा माशांच्या अंगी लागतो, उरलेला साधारण एक ग्रॅम पाण्यात येतो. शंभर लिटरांत एक ग्रॅम, म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम. एका घरमाशीच्या अंगात नायट्रोजन एक मिलिग्रॅमही नसतो. याचा अर्थ, अळूने काहीच उचललं नाही असं धरलं तर महिन्याभरात माझ्या टाकीच्या प्रत्येक लिटरमध्ये दहाहून जास्त माश्यांचा ऐवज विरघळलेला होता. आणि हे पाणी मी अशा झाडाच्या मुळांतून दिवसरात्र फिरवत होते, ज्याच्या एका सापळ्याला एक माशी पचवायला आठवडाभर लागतो.

खरं तर नायट्रोजन एकटा गुन्हेगार नाही. मोठी अडचण एकूण क्षारांची. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार टीडीएस मीटरने मोजता येतात. कीटकभक्षी झाडं पाळणारे लोक ५० पीपीएमच्या (लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्षारांच्या) आतलं पाणी देतात, फार तर शंभरपर्यंत चालवून घेतात. मुरलेल्या ॲक्वापोनिक्सचं पाणी काहीशेच्या घरात असतं. त्यात आपले मासे पाळणारे कशालाही खडेमीठ घालतात. माशाला पांढरे ठिपके आले, घाल मीठ. मासा सुस्त दिसला, घाल मीठ. मीही घातलं होतं. अळूने ते सोसलं, फ्लायट्रॅपने नाही.

शिवाय पीएचचं, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणाऱ्या आकड्याचं भांडण. आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. जिवाणूंचं काम चालू असताना आम्ल तयार होतं आणि पाण्याचा पीएच हळूहळू खाली येतो. सहाच्या खाली गेला की जिवाणू ढेपाळतात आणि अमोनिया साचायला लागतो. म्हणून लोक टाकीत शिंपल्यांची पुरचुंडी टाकतात किंवा किंचित चुना देऊन पीएच सातच्या आसपास राखतात. कीटकभक्षी झाडांना हवं असतं साडेचार-पाचचं आंबट पाणी, आणि चुना हा तर त्यांचा जुना वैरी. तेव्हा एका पाण्यात दोघांना ठेवायचं तर कोणाला तरी उपाशी मरावं लागतं. मधला पीएच धरून पाहिला तर दोघंही अर्धमेली होतात.

समजा, क्षार आणि पीएच कसेबसे सांभाळले आणि फक्त नायट्रोजन जास्त राहिला, तर? याचं उत्तर मला सगळ्यात मजेशीर वाटलं. एरन एलिसन आणि निकोलस गोटेली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००२ साली तिथल्या दलदलीतल्या सारासेनियावर केलेलं काम प्रसिद्ध झालं. सारासेनिया म्हणजे पावसाचं पाणी साठवून कीटक बुडवणारं सुरईसारखं झाड. त्याला नायट्रोजन जास्त मिळाला की नवी पानं बदलतात, सुरई अरुंद होत जाते आणि पान चपटं, साध्या पानासारखं होतं. सापळा बनवायला झाडाला खर्च येतो, चपटं पान ऊन जास्त गोळा करतं. रोज दारात डबा येत असेल तर चूल कोण पेटवील? म्हणजे माशांच्या पाण्यावर असं झाड जगलंच, तरी ज्या हौसेने आपण ते आणलं ती हौसच ते सोडून देण्याची शक्यता.

हे सगळं समजल्यावर मला आजोळचा पऱ्ह्या, म्हणजे ओहोळ आठवला. कोकणातल्या वाड्यांत वाहत्या पाण्याचा एक क्रम असतो. सगळ्यात वर प्यायचं पाणी भरायचं, त्याच्या खाली गुरं, त्याच्याही खाली धुणी. खालचं पाणी वर कोणी नेत नाही. मी नेमकं धुण्याचं पाणी प्यायच्या जागी चढवलं होतं.

म्हणून आता बाल्कनीतली मांडणी बदलली आहे. सगळ्यात वर, टांगलेल्या कुंडीत कीटकभक्षी झाड. त्याला फक्त स्वच्छ पाणी. कुंडीतून निथळलेलं पाणी खाली टाकीत पडतं. टाकीतलं पाणी उन्हाने रोज थोडं उडतंच, ती भर परस्पर निघते. कुंडीत मातीऐवजी मॉस (पाणी धरून ठेवणारी वाळवलेली वनस्पती) असतं, त्यातून आलेलं हे पाणी किंचित आंबट असतं, पण शंभर लिटरांत आठवड्याला दोन-तीन लिटर म्हणजे काहीच नाही, शिंपले ते पचवतात. पुढे टाकी ते अळू आणि अळू ते टाकी हे चक्र नेहमीसारखं. पाणी वरून खाली एकदाच येतं, परत वर जात नाही.

हे वरचं पाणी आणायचं कुठून? मुंबईकर यात नशीबवान आहे. पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येतं, म्हणजे मुळात सह्याद्रीतला पाऊसच. त्यामुळे ते बोअरवेलच्या पाण्यापेक्षा कितीतरी मऊ असतं. माझ्या नळाला मीटर ऐंशीच्या आसपास दाखवतो. तुमच्या सोसायटीत बोअर किंवा टँकर मिसळत असेल तर आकडा कितीही वर जाईल, तेव्हा मीटर घ्याच, पाचशे रुपयांच्या आत मिळतो. पण नळाच्या पाण्यावर विसंबायची गरजच काय? शहरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. म्हणजे चौरस मीटरभर जागेवर पावसाळाभरात दोन हजार लिटर. माझ्या झाडांना आठवड्याला तीन लिटर पुरतात, कोरड्या आठ महिन्यांना मिळून शंभर लिटर. पहिले दोन-तीन पाऊस छपराची धूळ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग एक पिंप भरून घट्ट झाकून ठेवायचं. संपलं काम.

पिंपाला जागा नसेल तर एसीच्या नळीखाली बाटली लावा. हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं ते पाणी जवळजवळ क्षाररहित असतं. फक्त एसीची साफसफाई औषध मारून झाली असेल तर पुढचे काही दिवस ते टाकून द्या. घरच्या आरओचं पाणी वापरताना दोन गोष्टी बघा. एक, बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळली जातात. दोन, लादी पुसायला बादलीत जमा करतो ते आरओचं टाकाऊ पाणी चुकूनही देऊ नका, त्यात उलट जास्त क्षार असतात.

आता झाड कोणतं? फ्लायट्रॅप नको. ते मूळचं जगात एकाच भागातलं, अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारी दलदलीतलं. त्याला दरवर्षी तीन-चार महिने कडक थंडीची झोप लागते. आपल्याकडे जानेवारीतही पहाटे पंधरा-सोळा अंश झाले की लोक स्वेटर घालून फोटो काढतात, तेवढ्याने त्याचं भागत नाही. काही हौशी लोक त्याचा कंद ओल्या मॉसमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात. माझ्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीलाच जागा नसते.

मुंबईला मानवते ती घटपर्णी, नेपेन्थेस. पानाच्या टोकाला लोंबणारा झाकणाचा घट, आत पाचक रस, काठ निसरडा. तिच्यातल्या सखल, उष्ण प्रदेशातल्या जातींना आणि संकरित वाणांना आपली दमट हवा घरच्यासारखी वाटते. नर्सरीत मिळणारी व्हेंट्राटा ही त्यातली सोशीक. तिला एप्रिल-मेच्या उन्हात हिरव्या जाळीची सावली द्या, सकाळचं ऊन मात्र हवंच; ऊन कमी पडलं की पानं वाढतात आणि घट लागत नाहीत. माती अजिबात नको. स्फॅग्नम मॉस आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) चालतं. कोकोपीट घेतलं तर त्यात खारटपणा असतो, मीटरचा आकडा खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. भारतात घटपर्णीची एकच जात मूळची आहे, मेघालयातली नेपेन्थेस खासियाना. ती धोक्यात आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. कोणी 'थेट जंगलातून आणलीय' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. कासच्या दवबिंदूलाही तेच लागू. तिथून उपटलेलं रोप घरी जगत नाही आणि पठारावरचं एक कमी होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग माशांचा आणि या झाडाचा संबंध काय राहिला? संबंध आहे, पण मुळांवाटे नाही, तोंडावाटे. घटपर्णीचा घट म्हणजे पोट. बोर्निओत नेपेन्थेस लोविआय नावाची जात आहे, तिच्या घटाच्या झाकणावरचा गोड रस चाटायला ट्रीश्रू नावाचा खारीसारखा प्राणी घटावर चढून बसतो आणि चाटता चाटता घटातच शौच करतो. झाड त्यातला नायट्रोजन घेतं. दुसऱ्या एका जातीच्या घटात वटवाघूळ झोपतं आणि भाडं म्हणून विष्ठा देऊन जातं. तेव्हा कोणाच्या तरी विष्ठेवर पोट भरणं हे घटपर्णीला नवं नाही, ॲक्वापोनिक्सची कल्पना तिला आपल्या आधी सुचली होती म्हणा ना. फक्त तो माल घटात पडायला हवा, मुळाशी नको.

म्हणून मी महिन्यातून एकदा, ज्या घटात काही पडलेलं दिसत नाही त्यात माशांच्या खाण्याचे दोन बारीक दाणे टाकते. दोनच. जास्त टाकले की घट सडतो आणि वासाने शेजारीण विचारायला येते. दवबिंदूला त्याच दाण्यांची पूड करून, ओलसर चिमूट टूथपिकने पानावर ठेवायची. पान तासाभरात वळायला लागतं. याचा फायदा होतो का, ही शंकाही जुनी आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने दवबिंदूचे दोन गट करून एकाला भाजलेल्या मांसाचे तुकडे भरवले आणि दुसऱ्याला उपाशी ठेवलं. १८७८ साली त्याने निष्कर्ष मांडले: भरवलेल्या झाडांना बिया कितीतरी जास्त आल्या.

खडीच्या वाफ्यावर ज्या बारीक काळ्या माश्या घोंघावतात त्या दवबिंदू आपणहून पकडते, म्हणून तिची कुंडी वाफ्याला लागून ठेवलेली बरी. त्या वाफ्यावर औषध फवारायची सोय नसते, खाली मासे असतात. पण "डास कमी होतील" या आशेने ही झाडं आणू नका. फ्लायट्रॅपच्या तोंडी डास क्वचितच लागतो. उलट आपल्या शहरात या छंदाने डास वाढायचीच भीती जास्त. दवबिंदूची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची पद्धत आहे, आणि ताटलीतलं स्वच्छ, साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला पाळणाघर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघर कुंड्यांखालच्या ताटल्या बघत फिरतात ती उगाच नाही. दर रविवारी ताटली ओतून, पुसून कोरडी करायची. ओतलेलं पाणी टाकीत गेलं तर त्यातल्या अळ्यांचं गप्पी बघून घेतात. घटपर्णीला ताटली लागतच नाही, तिला पायात पाणी साचलेलं आवडत नाही. पहिलं झाड तेच घ्या असं मी म्हणते त्याचं निम्मं कारण हे.

आणि थेट पाण्यात राहणारं एखादं? आहे. युट्रिक्युलारिया गिब्बा. मत्स्यालयाच्या इतर पाणवनस्पतींबरोबर ती पुष्कळदा न बोलावता येते, हिरव्या दोऱ्याचा गुंता झालेला असतो आणि लोक शेवाळ समजून फेकून देतात. नीट पाहिलं तर दोऱ्यावर मोहरीहून लहान पिशव्या दिसतात. मासे थोडे असतील, पाणी मऊ असेल, तर ती माशांच्या सोबतीने राहते. बारीक पाणकिडे पकडते. माझ्या टाकीत मात्र नायट्रेटवर खरं शेवाळ असं फोफावलं की तिला गुदमरवून टाकलं. उरलेला गुंता आता पावसाच्या पाण्याच्या बरणीत, खिडकीत आहे. बरणीला जाळी बांधली आहे.

मे महिन्यात भाचा परत आला. फ्लायट्रॅपचं काय झालं ते सांगावंच लागलं. तो म्हणाला, "मग तू आधी वाचलं का नाहीस?" मी त्याच्या हातात दाण्यांची डबी दिली आणि घटपर्णीखाली स्टूल सरकवलं. दोन दाणे एका घटात टाकून तो तिसऱ्या दाण्यासाठी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तो माशांना घाल.